उशीखालच्या चिठ्ठ्या

३ ऑक्टोबर

पलंगावर हंस! टॉवेलचा. मान वाकवलेली, चोच मुडपलेली, आणि ऐटीत असा बसलाय की खोली त्याची आणि मी पाहुणी. आता मी बसू कुठे? खुर्ची एकच, तिच्यावर माझी बॅग.

सकाळपासून डोकं चालेनासं झालंय. बोटीच्या शिडीपाशी पोरगी उभी होती. पांढरा गणवेश, केस घट्ट बांधलेले. दीड वर्षाने दिसली. मी जवळ घ्यायला हात पुढे केले तर म्हणते, "स्वागत आहे, मॅडम." मॅडम! मी जन्म दिलेल्या पोरीची मी मॅडम! मग बॅग घेताना कानाशी हळूच — "नियम आहे गं आई. तोंड असं करू नकोस."

नियम फार आहेत इथे. बोट लहान, तीन डोलकाठ्या, खोल्या अठ्ठावीस, माणसं सगळी श्रीमंत. पाच वर्षं नोकरी झालेल्यांच्या घरच्या एका माणसाला रिकाम्या खोलीत फुकट फिरवतात. यंदा मी. पण ती कामावर असताना माझ्याजवळ बसणार नाही. आणि पितळी मुठीचं एक दार आहे, त्याच्यापलीकडे ही कामाची माणसं जेवतात-झोपतात, तिथे मी जायचं नाही. म्हणजे एकाच बोटीवर अकरा दिवस आणि भेट नाही! मग बोलावलं कशाला इतक्या आग्रहाने?

हंस तिनेच केला असणार. खोल्या लावायचंच काम आहे तिचं, आणि लहानपणी रुमालाचे उंदीर करून सगळ्यांना भंडावून सोडायची. चादरीचे कोपरे मात्र मी शिकवले तसे नाहीत. एकतीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होते, खाटा लावण्यात आयुष्य गेलं, मला नाही कळणार? घाईत असेल बिचारी.

घरचं घड्याळ दुरुस्त करून देणारे घड्याळवाले मी निघताना म्हणाले होते, "तिकडे वेळ बदलेल. बदलू दे. तुमच्या मनगटावर इथलीच राहू द्या." आणि मग म्हणाले, "परत याल तेव्हा धक्क्यावर असेन. तेव्हा सांगा काय ते."

काय ते म्हणजे हो की नाही. मी एवढंच म्हटलं होतं, पोरीला विचारल्याशिवाय नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने पोरीला विचारायचं — मी लग्न करू का? इथे लिहितानासुद्धा कानशिलं तापतात.

४ ऑक्टोबर

सकाळी शिडं उभारली. सगळ्या पाहुण्यांना डेकवर बोलावलं, बाजा वाजवला, हातात जाड दोर दिला — ओढा! मी ओढला. कामात कुचराई मला जमत नाही. तळहात लालबुंद. शिडं वर गेली, टाळ्या झाल्या, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मग शेजारचा खलाशी हळूच म्हणतो, "मावशी, एवढा जोर नका लावू. वर बटण आहे." बघते तर दोराचं दुसरं टोक खुंटीला बांधलेलं! मग मी ओढत काय होते?

जेवायला बसलं की पुढ्यात तीन काटे. कुठला कशाला, देव जाणे. शेजारी मोत्यांची माळ घातलेल्या बाई असतात, त्यांचं बघून बघून उचलते. आज त्यांनीच चुकीचा उचलला म्हणे.

पोरगी दोनदा दिसली. दोन्ही वेळा हातात चादरींचा ढीग, दोन्ही वेळा पळत. अशा पळत्या माणसाला लग्नाचं सांगायचं? आणि समोर बसली असती तरी माझ्या तोंडून शब्द फुटला असता का? लिहावं हेच बरं. नाश्त्याला जाताना उशीखाली चिठ्ठी ठेवली. "बाळ, एक विचारायचं आहे. रागावणार नाहीस ना?"

एवढंच. अंदाज घ्यावा आधी.

नंतर —

चिठ्ठी गेली! उशीखाली नाही. पलंगावर हत्ती, सोंड वर. सोंड वर म्हणजे चांगलंच ना? "विचार, मोठ्या मनाने घेईन" असं म्हणायचं असेल तिला. लहानपणापासून अशीच. तोंडाने सरळ बोलणार नाही.

५ ऑक्टोबर

आज सगळं लिहून ठेवलं. दोन कागद भरले. पहिल्या कागदावर नुसतं घड्याळच.

स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून त्यांना बोलावलं. आले, बघतात तर मी! पूर्वी माझ्याच वॉर्डात होते ते, हर्नियाचं ऑपरेशन. दहा दिवसांत एकदाही कुरकुर केली नव्हती, म्हणून लक्षात राहिलेले. घड्याळ दुरुस्त झालं. पुढच्या मंगळवारी पुन्हा आले, नीट चालतंय का बघायला. त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा. चालतच होतं! मी म्हटलं, आता काय बिघडलंय? म्हणाले, "घड्याळाचं काही नाही." आणि बसले. चहा झाला. तेव्हापासून दर मंगळवारी चहा.

लग्नाचं विचारलं तेही, "सिस्टर, आपण दोघं एकत्र राहिलो तर?" सिस्टर! मी म्हटलं, आधी हाक बदला, मग पुढचं बोलू. तर लाजून पेचकसच खाली पाडला.

हे सगळं लिहिलं. तुझ्या बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, त्यांची जागा कोणाला देत नाहीये, हेही लिहिलं. शेवटी लिहिलं, "तुला नको असेल तर नको. एका शब्दात सांग."

उशीखाली ठेवून नाश्त्याला गेले खरी, पण घास उतरेना. मोत्यांच्या बाई म्हणाल्या, "बोट लागली वाटतं तुम्हाला?" हो म्हटलं. काय सांगणार?

५ ऑक्टोबर, संध्याकाळी

दोन हंस!! चोचीला चोच लावून. दोघांच्या मानांमध्ये बदाम होतो आणि त्या बदामात एक लाल फूल. चिठ्ठी नाही. म्हणजे वाचली. वाचली आणि हे केलं!

रडले. चांगली हमसून हमसून रडले. केवढं ओझं उतरलं. पोरीला एका शब्दात सांग म्हटलं होतं, तिने एकही शब्द न वापरता सांगितलं. हंस मोडवेनात म्हणून दुपारची झोप खुर्चीतच काढली. मान अवघडली आहे. असू दे.

६ ऑक्टोबर

काय चाललंय मला कळत नाही.

पोरगी बोळात दिसली. कोणी नव्हतं. मी हात धरला, म्हटलं, "मग? आवडलं ना तुला?" तर म्हणते, "काय?" मी म्हटलं, "अगं, ते — हंस!" तर हसली. "छान असतात ना? सगळ्यांना आवडतात." आणि घंटी वाजली, पळाली.

सगळ्यांना? सगळ्यांना म्हणजे कोणाला? सगळ्या बोटीला सांगितलं की काय हिने! जेवताना कप्तान माझ्याकडे बघून हसला. जेवणघरातला आचारीही. मला मेलीला तोंड लपवायला जागा नाही.

७ ऑक्टोबर

कासव.

कासव म्हणजे काय? हळू घ्या? घाई करू नका? की डोकं आत घेऊन गप्प बसा?

उशाशी एक छापील कार्डही ठेवलंय. आपण पश्चिमेला आलो, आज सर्वांनी घड्याळ एक तास मागे करावं. मी नाही करणार. माझ्या मनगटावरच्या वेळेने तिकडे आत्ता ते दुकानाचं दार उघडत असतील, स्टुलावरची धूळ झटकत असतील. ते मी एका तासाने कशाला मागे ढकलू?

पोरीने जाता जाता सांगितलं, "उद्या चार वाजता मागच्या डेकवर ये. दोरांची मोठी पेटी आहे ना, तिथे. अर्धा तास सुटी मिळवलीय." चला! एकदा समोरासमोर होऊन जाऊ दे.

८ ऑक्टोबर

आली नाही.

चारला पाच कमी असताना गेले. नवी साडी नेसले होते. पेटीवर बसले. वारा असा की केसांचं पार घरटं झालं. सव्वाचार झाले, साडेचार झाले. एक खलाशी दोर गुंडाळत होता, त्याने दोनदा विचारलं, "मावशी, काही हवंय का?" काय हवंय ते याला काय सांगू? उठून आले.

म्हणजे पटलं नाही तिला. हंस केले ते घाईघाईत, मन ठेवायला. नंतर विचार केला असेल, बाबा आठवले असतील. मग कासव. आणि आज पलंगावर काय, तर खेकडा! नांग्या वर केलेला. याहून स्पष्ट कसं सांगायचं माणसाने?

राग आला. मला येतो राग, नाही असं नाही. तिसरी चिठ्ठी लिहिली. "बाळ, पटत नसेल तर तोंडावर सांग. खेकडे करू नकोस."

९ ऑक्टोबर

आज माझ्यासारखी मूर्ख बाई सगळ्या समुद्रावर नसेल.

नाश्त्याला मोत्यांच्या बाई म्हणाल्या, "कालचा खेकडा अगदी हुबेहूब होता, नाही?" मी म्हटलं, तुम्हालाही खेकडा? "सगळ्यांनाच की हो!" सांगताना त्या पाव खात होत्या आणि माझ्या हातातला कप बशीवर आपटला.

चष्मा खोलीत राहिला असं सांगून उठले. राहिलाच होता खरं म्हणजे. दार उघडलं तर आत एक दांडगा माणूस, पांढऱ्या झुपकेदार मिशा, माझ्या टॉवेलला पीळ देत उभा! मी ओरडलेच. तोही दचकला. नम्रपणे म्हणाला, "ताई, मी तुमची खोली लावतो. पहिल्या दिवसापासून. मला सगळे मामा म्हणतात."

आणि माझी मुलगी?

"ती वरच्या मजल्यावर. घरच्या माणसाच्या खोलीत काम करायचं नाही, असा नियम आहे."

मी खुर्चीत बसले. विचारलं, हंस? हत्ती? ती जोडी?

"यादी असते, ताई. पहिल्या दिवशी हंस, मग हत्ती, मग जोडी, मग बदक, मग कासव. सगळ्या खोल्यांत एकच. आज ससा आहे."

बदक! सहा तारखेला बदक होतं तर. मी तो हंसच समजले होते, जरा दमलेला.

मग हिंमत करून विचारलं, आणि उशीखालच्या चिठ्ठ्या? मामांनी उशालगतचं ड्रॉवर ओढलं. तिन्ही आत. एकावर एक, क्रमाने, पाकिटात घातलेल्या. ते ड्रॉवर मी उघडलंच नव्हतं. दुसऱ्याचं सामान उघडायची सवय नाही मला. "पाहुण्याचा कागद वाचायचा नाही, फेकायचा नाही," मामा म्हणाले. "आत ठेवायचा. पाहुणा विसरलाच, तर घरच्या माणसाकडे पोचता करायचा. वाचलं नाही हो मी काही." त्यांच्या मिशांकडे बघून खरं वाटलं.

म्हणजे कोणी वाचलंच नाही. तिचा 'हो' नाही, 'नाही' नाही, काहीच नाही. मी पाच दिवस टॉवेलांशी बोलत होते! आधी हसू आलं. मग मात्र ती हंसांची जोडी आठवली. तो 'हो' फार गोड होता. यादीतला का असेना.

दुपारी —

पोरीने बोळात गाठलं. गाल फुगलेले. "काल चारपासून साडेचारपर्यंत ताटकळत उभी होते! कुठे होतीस?"

"मी? मी चार ते साडेचार तिथेच होते की! वाऱ्यात!"

मग तिने माझं मनगट उलटं करून घड्याळ बघितलं. "आई, एक तास मागे केलं नाहीस?"

नाही केलं. का नाही केलं ते सांगायची हीच वेळ होती. समोर होती, हात माझ्या हातात होता. आणि मी काय बोलले? "राहिलं गं."

तिने हात सोडवून घेतला. मग म्हणाली, "परवा चारला. बोटीच्या चारला."

१० ऑक्टोबर

घड्याळ एक तास मागे केलं. माफ करा हो, घड्याळवाले.

आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं. "बाळ, एक गृहस्थ आहेत." शोकसभेतल्यासारखं वाटतं.

११ ऑक्टोबर

भेटलो. वेळेवर.

पेटीवर शेजारी शेजारी बसलो. तिने खिशातून कागदात बांधलेली बिस्किटं काढली, तिच्या वाटणीची. हात किती खरखरीत झालेत तिचे. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "आई, तुला काही सांगायचंय का मला?"

इतकं सरळ! आणि मी? "मला? छे. तुला?"

ती समुद्राकडे बघत बसली. मग म्हणाली, "मी घरी येऊ का? कायमची? तू एकटी असतेस."

पाच वर्षं मी हिला ये, ये म्हणतेय. फोनवर, पत्रात, रुसून, रडून. आता ती येते म्हणाली. आणि त्याच क्षणी मी म्हणू, की नको, मी एकटी नाहीये, दर मंगळवारी कोणी येतं? तिला वाटेल, आईला आपली गरज उरली नाही. मी म्हटलं, "ये."

ती माझ्याकडे बघतच राहिली. आनंदाने असेल. पण चेहरा तसा नव्हता. मला खरंच आता माणसांचे चेहरे वाचता येईनात.

१२ ऑक्टोबर

पुन्हा कार्ड. आपण परतत आहोत, घड्याळ एक तास पुढे करावं. केलं. माझं आणि बोटीचं आता एकच, घरचं. त्यात सुख वाटायला हवं होतं.

ठरवलं. उद्या धक्क्यावर त्यांना सांगायचं, नाही जमायचं. पोरगी नोकरी सोडून माझ्यासाठी येतेय, तिच्यापुढे परका माणूस आणून बसवायचा? ते समजून घेतील. हर्नियाच्या वेळीही कुरकुर केली नव्हती. आणि तेच मला सहन होणार नाही.

इथे तरी खरं लिहिते. मला ते हवे आहेत. त्यांचा तो बावळट पेचकस हवा आहे. मला मंगळवार हवा आहे. पोरगीही हवी. दोन्ही हवं म्हणणारी आई कसली, हाव सुटलेली बाई म्हणायची.

मामा खोली लावायला आले तेव्हा मी तिथेच होते. चिठ्ठ्यांचं पाकीट त्यांच्या हातात कोंबलं, म्हटलं, एवढं फेकून द्या. त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "नियमाप्रमाणे करतो, ताई," म्हणाले. रद्दीलाही नियम!

१३ ऑक्टोबर

नाश्त्याहून आले. पलंगावर टॉवेलचं काहीतरी गोल, वेडंवाकडं. भाकरी वाटली. मधोमध चहाचे दोन चमचे, एक सरळ वर, एक तिरका. घड्याळ! आणि चादरीचे कोपरे — घट्ट, सरळ, माझ्या वॉर्डातले.

चमच्यांखाली पत्र. त्यांचं अक्षर, मुंगीएवढं. तारीख नऊ जून, पोरीच्या नावाने. "तुमच्या आईंना विचारावं म्हणतो. तुम्हाला विचारल्याशिवाय त्या उत्तर देणार नाहीत, म्हणून आधी तुम्हालाच कळवतो. तुमची हरकत असेल तर विचारणार नाही. फक्त घड्याळ तेवढं बघून जात जाईन."

खाली तिची पेन्सिल. "आई, मी त्यांना जूनमध्येच हो कळवलं. पण तू मला स्वतः सांगावंस, असं वाटत होतं. घरी तू कामाआड लपतेस, म्हणून इथे बोलावलं, इथे तुला कामच नाही. तरी बोलेनास! शेवटी घरी येते म्हणून धमकी दिली, तर 'ये' म्हणालीस. काल मामांनी चिठ्ठ्या आणून दिल्या, घरच्या माणसाकडे. आज तुझी खोलीही मलाच लावू दिली, आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडून. मी कुठेही येत नाहीये, मला इथे बरं आहे. आणि आई, हे विचारायचं नसतं. सांगायचं असतं."

दोघांनी मिळून मला अकरा दिवस पाण्यावर नाचवलं! बघून घेते एकेकाला.

खिडकीतून धक्का दिसतोय. गर्दीत एक जण मनगटाकडे बघत उभा आहे. तेच असावेत. चष्मा कुठे गेला माझा!